डोक्यावरचं बटण

मित्रांनो, टर्नटेबलची लांब दांडी पाहिली आहे ना? तिच्या टोकाला बसणारी, नखाएवढी जुनी कार्ट्रिज मी. माझ्या पोटाखाली हिऱ्याच्या टोकाची सुई आहे. ती रेकॉर्डच्या रेघेतून फिरली की गाणं ऐकू येतं.

एका शिंप्याच्या दुकानात मी एकोणीस वर्षं वाजले. त्याच्या बायकोने तरुणपणी एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा गाता गळा कायमचा गेला. उरली ती एकच रेकॉर्ड. शिंपी रोज दुपारी शिलाई मशीन थांबवून ती लावायचा. गाणारी ती, पण ऐकवणारी मी! मधेच माझी सुई उड्या मारू लागली, तेव्हा त्याने कोटाचं जाड पितळी बटण माझ्या डोक्यावर चिकटवलं. उड्या थांबल्या. मला वाटलं, हा माझा मान! किती मिरवलं मी ते!

हळूहळू गाणं खरखरू लागलं. "रेकॉर्ड म्हातारी झाली," शिंपी म्हणायचा.

"अहो, एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवून तरी आणा," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली.

दुरुस्तीवाल्याच्या काचेच्या कपाटात नव्या कार्ट्रिजा नटूनथटून बसल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ती भारीतली द्या," शिंपी म्हणाला.

"काका, तिचा आवाज फार बारीक, वेगळा अॅम्प्लिफायर लागेल. तुमच्या दांडीला ही साधीच बरी."

साधी! माझ्या जागी ही सवत? हिच्या डोक्यावर तर बटणही नव्हतं!

मग दुरुस्तीवाल्याने मला भिंगाखाली धरलं. "हे बटण कशाला?"

"सुई उडायची हो."

"अहो, सुई केव्हाच झिजलीय, त्यात वरून हे वजन! धार आलीय तिला. रेकॉर्ड म्हातारी नाही झाली काका, हिने ती खरवडलीय."

शिंप्याने विचारलं, "म्हणजे तिचा आवाज... गेला?"

"नवीचं टोक वेगळ्या घडणीचं आहे. रेघेत जरा खोल बसतं. तिथे काही शिल्लक असेल तर मिळेल."

मी गारच पडले. जिच्यावर इतका जीव लावला, तिला मीच खात होते.

दुकानात परतल्यावर सवत वाजू लागली. खरखर पुरती गेली नाही. पण दुसऱ्या कडव्याआधी एक बारीकसा श्वास ऐकू आला. कित्येक वर्षांत तो मी ऐकवलाच नव्हता.

"अहो, इथे मी श्वास घेतला होता!" बायको म्हणाली आणि रडू लागली.

आता मी बटणांच्या डब्यात असते. ते पितळी बटणही इथेच आहे. मित्रांनो, सुई वेळेवर बदला. ती उडू लागली तर वर वजन ठेवू नका, आधी तिला तपासा. सवतीवर मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण दुपारी मशीन थांबलं की या डब्याला कुणाचा धक्कासुद्धा लागू नये असं वाटतं. बटणं खुळखुळली तर तो श्वास ऐकू येणार नाही.