चारच्या वेळेची मुळं

"बाई, ती पेटी थंड खोलीच्या दाराबाहेरच राहू द्या," असं प्रयोगशाळेतले मदतनीस काका म्हणाले, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पेटीत प्रयोगातल्या रोपांची मुळं गोठवायचा कोरडा बर्फ होता. त्याचं पाणी होत नाही, वायू होतो. ना रंग, ना वास, आणि जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, बंद जागेत माणूस त्यात गुदमरतो. हे तिला तोंडपाठ होतं. पण दर खेपेला मुळं घेऊन बाहेर पळायचं म्हणजे ती वाटेतच गरम होणार.

"एवढ्याशा बर्फाने काय होतंय, काका? तुम्ही तर माझ्या सासूबाईंच्या वरताण."



त्या थंड खोलीत ध्रुवाकडच्या गोठलेल्या माळावरचं गवत वाढत होतं. आज सकाळी त्याला माग काढता येईल असा खुणेचा कार्बन मिसळलेली हवा दिली होती. पानांनी केलेली साखर एवढ्या गारठ्यात मुळांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो, हे बघायचं होतं. दर दोन तासांनी काही रोपं उपटायची, पान, खोड, मूळ वेगळं करून लगेच गोठवायचं. एक वेळ हुकली की दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. म्हणून आज तिने एक सोडून तीन पेट्या आत ओढल्या होत्या.

साडेतीनला पाळणाघरातून फोन आला. लेकीला ताप होता.

"निघा तुम्ही," काका म्हणाले. "चारचं मी बघतो. मुळं तुमच्यापेक्षा मला जास्त ओळखतात."

ती पळाली.

"अहो, आधी श्वास घ्या," पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या. "नव्याण्णवच आहे. दात येताहेत बाईसाहेबांचे."

लेक खांद्यावर विसावली, तसं तिचं डोकं ताळ्यावर आलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. काका आत असले की ती दाराच्या काचेबाहेर लक्ष ठेवून उभी राहायची. आज तिथे कुणीच नव्हतं, आणि आत तीन पेट्या होत्या. दार आपोआप लागतं. आणि गुडघ्यांमुळे काका बुटक्या स्टुलावर बसतात, जमिनीपासून वीतभर उंच.

काकांना फोन लागेना. त्या खोलीत रेंज नसते. कार्यालयात कुणी उचलेना. एका हाताने लेकीला सावरत तिने प्रयोगशाळेच्या ग्रुपवर लिहिलं:

"हे जो कोणी वाचेल, त्याने हातातलं टाकून थंड खोलीकडे धावावं. कुणाला तरी सोबत घ्या, दार सताड उघडं ठेवा, खाली वाकू नका. नमुने गेले तरी चालतील. आधी काकांना बघा."