न सापडणारं रफू

खोलीत पाऊल टाकलं आणि रफूबाई दारातच थबकल्या. खोली वाईट होती म्हणून नव्हे, फार सुंदर होती म्हणून. सुंदर म्हणजे अंधारी. प्रेम म्हटलं की आधी दिवे मंद करायचे, हे हल्लीच्या हॉटेलवाल्यांना कुणी शिकवलंय कोण जाणे. भिंतीवर मेणबत्तीच्या आकाराचे दोन बल्ब, खिडकीवर जाड मखमली पडदा, पलंगाभोवती जाळीदार कापड. मालकीणबाई कौतुकाने सांगत होत्या, "ही आमची सगळ्यात रोमँटिक खोली. फक्त जोडप्यांना देतो."

"पलंगावर टॉवेलांचे हंस केलेत बघ," रफूबाईंचे यजमान पावतीकाका म्हणाले.

"दिसतायत की मला. छान आहेत," रफूबाई म्हणाल्या, आणि जाऊन नेमक्या त्या हंसांवर बसल्या.

काकांनी चपटे झालेले हंस बाईंच्या खालून अलगद काढले आणि खुर्चीवर ठेवले.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीने ही तीन दिवसांची भेट दिली होती. छोटेखानी हॉटेल, नाश्ता त्यांचा, आणि चालत जाता येतील अशा दोन संग्रहालयांची तिकिटं. एरवी दोघं कुठे गेली नसती. त्यांचं रफू आणि दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. मागच्या खिडकीपाशी बाई रफू करत, पुढे काउंटरवर काका कपडे घेत, पावती फाडत, ती टाचणीने कपड्याला लावत आणि काम झालं की घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात देत. म्हणून गल्लीत त्या रफूबाई आणि ते पावतीकाका. काकांची बोटं म्हणजे केळीचे घड. यांना बटण लावायला दिलं तर बटण राहील आणि सुई हरवेल, असं बाई गिऱ्हाइकांसमोर बिनदिक्कत सांगत आणि काका हसत.

आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. नजर कडेकडेने मिटत येतेय, अंधारातली आधी जाईल, मग उजेडातली. औषध नाही, ऑपरेशन नाही. बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "नंबर बदललाय फक्त." झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर त्यांनी घरातल्या पायऱ्या मोजल्या, भांड्यांच्या जागा पक्क्या केल्या, सुईत दोरा ओवायला तारेची ओवणी आणली आणि स्वतःसाठी एकच नियम केला. तक्रार होऊन कपडा परत आला, की सुई खाली ठेवायची. येत नाही तोवर डोळा शाबूत.

आणि आठ महिन्यांत एकही कपडा परत आला नव्हता. उलट काका काउंटरवरून येऊन सांगत, "त्या कोटवाल्या म्हणत होत्या, बाईंचा हात म्हणजे हात!" त्या एका वाक्यावर बाईंचा आठवडा निघे. डॉक्टरांना काय कळतंय, असंही कधीमधी मनात येई.

या सहलीला त्या तयार झाल्या, त्याला कारण वेगळं होतं. कापडांच्या संग्रहालयात एक रेशमी झगा होता. बाईंना रफू शिकवलं ते त्यांच्या मावशीने, आणि मावशी लहान असताना तो झगा बघून आली होती. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या डाव्या खांद्याखाली रफू केलंय, तसं पाटीवर लिहिलंयसुद्धा, आणि तासभर काचेला नाक लावूनही मावशीला ते सापडलं नव्हतं. "सापडलं तर ते रफू कसलं? ते ठिगळ," मावशी म्हणायची. हातात सुई धरली त्या दिवसापासून बाईंना तो झगा बघायचा होता. आधी सवड नव्हती, आता सवड होती तर नजर चालली होती. राहिलेल्या नजरेतली थोडी त्यांनी या झग्यासाठी राखून ठेवली होती म्हणा ना.

पहिल्या दिवशी घड्याळांचं संग्रहालय. जिना उतरताना बाईंनी काकांचा हात धरला तो सोडलाच नाही. खाली मालकीणबाई फुलदाणीत पाणी घालत होत्या. "किती गोड! तीस वर्षांनीही हातात हात!" त्या म्हणाल्या. बाई लाजल्यासारखं हसल्या. हात सोडला असता तर तिसऱ्या पायरीवर तोंडघशी पडल्या असत्या, हे त्या गोड बाईला कोण सांगणार?

काकांच्या तर्जनीचं टोक बाईंच्या अंगठ्याला लागत होतं. खरखरीत, बारीक टोचल्यासारखं.

"हे काय झालंय बोटाला?"

"इस्त्रीचा चटका. जुनाच आहे."

"बघून धरत जा ना. आणि तो निळा सदरा हवा होता, इथे शोभला असता."

"अगं, हरवला म्हटलं ना. लाँड्रीवाल्याकडे गेला तो गेलाच."

निळ्या सदऱ्याच्या छातीवर बाईंनी कधीकाळी रफू केलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. ते आपलं सगळ्यात चांगलं काम, असं त्या स्वतःशी मानत. हरवल्याचं कळलं तेव्हा दोन दिवस त्या घुश्शात होत्या.

घड्याळांच्या दालनात लख्ख उजेड होता. एका वेळी बशीएवढं का होईना, पण बाईंना दिसत होतं. एक काटा, एक आकडा, एक पितळी पक्षी. खाली बघायला मात्र नजर पुरली नाही आणि वस्तूंपुढे लावलेल्या दोरीचा खांब खाड्कन आडवा झाला. रखवालदार धावत आला. "बघून चाला ना जरा!"

"माझाच धक्का लागला हो," काका म्हणाले आणि खांब उचलून उभा केला. ते बाईंपासून चांगले दोन हात लांब होते.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ती दोघं कापडांच्या संग्रहालयात गेली. बाईंनी धुतलेला चष्मा पुन्हा पुसला, लेकीच्या लग्नात घालतात तसा चांगला कोट घातला. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याच्या बाहीवर त्यांनी रफूही केलं होतं. झग्याच्या दालनाच्या दाराला काळा पडदा होता. काकांनी तो बाजूला केला, बाई आत गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

आत काळोख होता. म्हणजे इतरांसाठी संध्याकाळ असेल, बाईंसाठी काळोख. शेजारून स्टुलावर बसलेल्या राखणदार बाईंचा आवाज आला, "सवय होईल डोळ्यांना, दोन मिनिटं थांबा."

"दिवा जरा वाढवता येईल का?"

"नाही हो. उजेड कापड खातो. सगळ्यांनाच एवढा दिवा."

दोन मिनिटं झाली, दहा झाली. बाईंच्या डोळ्यांना सवय व्हायचं नाव नाही. कपाळ काचेला टेकलं, तिचा गारवा कळला, पलीकडे एक राखाडी डाग होता आणि तो झगा होता की काचेत पडलेलं त्यांचंच तोंड, तेसुद्धा ठरेना. जन्मभर ज्याची वाट बघितली ते वीतभर अंतरावर होतं. बाईंना रडू आलं, आणि रागही आला, डोळ्यांचा, दिव्याचा, लेकीच्या भेटीचा, सगळ्यांचाच.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"काच चकाकतेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही उंच आहात. तुम्हीच सांगा कसं आहे ते."

काका काचेजवळ सरकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग हळू आवाजात बोलू लागले.

"खांद्याच्या जरा खाली आहे. धागा बाहेरचा नाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढलाय, म्हणून रंग मिळतो. आधी ताण्याचे, उभे धागे भरलेत, मग बाण्याचे, आडवे, एक वर एक खाली. कडेला सरळ रेष सोडलेली नाही, कुठे लांब कुठे आखूड, म्हणजे कड दिसत नाही. आणि वळताना धागा ओढलेला नाही. दर वळणाला केसभर सैल सोडलाय. नाहीतर पहिल्या धुण्यातच आखडतं."

बाईंचं कपाळ काचेवरून उचललं गेलं.

"हे पाटीवर लिहिलंय?"

"अं? हो. लिहिलंय."

"आखडतं म्हणून लिहिलंय?"

वळणाला धागा सैल सोडायचा, हे बाईंनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगून कळतच नाही ते. स्वतः केलेलं रफू धुण्यात आखडलं, की मगच कळतं. बाईंनी काकांचा हात धरला आणि तर्जनीच्या टोकावरून अंगठा फिरवला. सुईची टोचणी, एकावर एक. चटका कसला नि इस्त्री कसली. दोन दिवस ते बोट त्यांच्याच मुठीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"कधीपासून?"

"बाहेर जाऊ या का?"

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. तो काळा कोट परत आला होता. तू तपकिरी दोरा घातला होतास. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडून काम संपण्याआधीच कोट दिला गेला."

म्हणजे आला होता. कपडा परत आला होता, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे सुई सहा महिन्यांपूर्वीच ठेवायला हवी होती.

"किती केलेत?"

"आधी काही काही. नंतर… सगळे. दुपारी तू आडवी व्हायचीस तेव्हा उसवायचो आणि पुन्हा करायचो."

"आणि बाईंचा हात म्हणजे हात, असं म्हणत होते ते?"

"म्हणत होते, खरंच."

"तुमच्या हाताला!" बाईंचा आवाज चढला. राखणदार बाई स्टुलावर खाकरल्या. बाईंनी कोटाची डावी बाही चाचपली. चार दिवसांपूर्वीचं रफू. आपणच केलं असं त्यांना वाटत होतं. बोटाला एक बारीक, अनोळखी उंचवटा लागला. त्यांनी बाही सोडली आणि पुन्हा काकांचा हात धरला, कारण पडद्यापर्यंत जायला दुसरा इलाज नव्हता.

परतल्यावर हॉटेलच्या दारात मालकीणबाई होत्याच. "मस्त फिरलात ना?" त्यांनी विचारलं. काकांनी हो म्हटलं. खोलीत येताच त्यांनी मखमली पडदा पार टोकापर्यंत सारला. दुपारचं ऊन पलंगावर आलं. बाई पलंगाच्या कडेला कोट न काढताच बसल्या.

"एवढं शिकलात कुणाकडून?"

"तुझ्याकडून. निळा सदरा हरवला नव्हता. तुझं रफू धाग्याधाग्याने उसवत गेलो, तू कुठून कुठे गेलीस ते बघत. आठ दुपारी लागल्या."

"माझं रफू उसवलंत?"

"दुसरं कुठून कळणार होतं?"

बाईंनी उन्हाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "झग्याचं त्याच्याहून बरं असेल."

"माहीत नाही," काका म्हणाले. "मला ते सापडलंच नाही. खूप शोधलं. शेवटी तुला निळ्या सदऱ्यावरचं सांगितलं."

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. काकांचा चेहरा दिसतोय का ते बघितलं. नाक दिसलं, मग एक डोळा, मग काहीच नाही.

"मला दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"ठाऊक आहे."

"सदरा आहे कुठे?"

"काउंटरच्या खालच्या खणात. भोक तसंच आहे. तीनदा भरायला गेलो, नाही जमलं."

"केवढं आहे? मी विसरले."

काकांनी त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर खरखरीत बोटाने एक गोल काढला, कोटाच्या बटणाएवढा. बाईंनी त्या जागेवर अंगठा ठेवला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढं मी एका बैठकीत भरलं असतं."

"हो," काका म्हणाले. "भरलं असतंस."