इवाल्डची हजेरी

फुटबॉल क्लबचा नवा कप्तान फाबियान क्रूक याला बोलता येत नाही, याबद्दल ब्रिनोवा गावात दुमत नव्हतं. पायात चेंडू आला की हा पोरगा चौघांना गुंगारा देई, पण सामना संपून कुणी तोंडासमोर माइक धरला की त्याची दातखीळ बसे. "आम्ही जमेल तेवढं केलं. गुण महत्त्वाचे होते." जिंकले तरी तेच आणि हरले तरी तेच.

"माझा पोपट बरा याच्यापेक्षा," रुफिन म्हणाला. "निदान शिव्या तरी वेगवेगळ्या देतो."

रुफिनची उभी हयात कोळशाच्या खाणीत माणसं उतरवणारा पाळणा खाली-वर करण्यात गेली होती. आता खाण बंद होती, आणि मैदानाच्या फाटकासमोरच्या बारमधली खिडकीजवळची खुर्ची ही त्याची नोकरी होती. समोर झिगा, निवृत्त पोस्टमन, रुफिनचं प्रत्येक वाक्य खोडून काढणं हा त्याचा धर्म. आणि शेगडीच्या कडेला आंबट पिठाच्या सुपाचा वाडगा घेऊन बसलेली ट्रूडा. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज असा खणखणीत की मैदानाच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाई.

"आपला चोसेक आठव," रुफिन म्हणाला. "कप्तान असावा तर असा! हरलेल्या सामन्यावर असा बोलला होता, की लोक जिंकल्यासारखे नाचत घरी गेले."

"तू नाचलास. कारण तू प्यायला होतास."

"झिग्या, चेष्टा पुरे. हे पोरगं बाहेरचं, त्यात मुखदुर्बळ. आणि रविवारी हजेरी आहे."

हजेरी म्हटल्यावर झिगानं पेला खाली ठेवला. ट्रूडाचा चमचा वाडग्यातच थांबला.

साठ वर्षांपूर्वी, एका शनिवारी, खाणीच्या तळाला कोळशानं पेट घेतला होता. त्या पाळीला क्लबचे सात खेळाडू खाली होते. आग पसरू नये म्हणून वरच्यांनी बोगद्याच्या तोंडाशी वीट-चुन्याची भिंत घातली. माणसं भिंतीपलीकडे राहिली ती कायमची. दुसऱ्या दिवशी उरलेले चार जण मैदानात उतरले, आणि कप्तानानं मधोमध उभं राहून, पाळीआधी मुकादम घेतो तशी सगळ्यांची हजेरी घेतली. सात नावांना सात घरांतून कुणीतरी "हजर!" म्हणून ओ दिली. तेव्हापासून दर डिसेंबरात, खाणकामगारांच्या संत बार्बाराच्या सणाला लागून येणाऱ्या सामन्याआधी, कप्तान ही हजेरी घेतो.

नियम खाणीचाच. तीनदा हाक मारायची, ओ आली नाही तर मुकादम त्या माणसाचा पितळी बिल्ला भिंतीकडे तोंड करून फिरवतो. तो माणूस त्या पाळीचा नाही, सुटला. मैदानात उतरायच्या वाटेवर फळीला सात बिल्ले टांगलेले होते. कुणाचं घर ओस पडलं, कुणाचं परदेशी गेलं, आणि होता होता तीन बिल्ले फिरले. चार उरले.

"शेवटी फिरला तो हियात्सिंताच्या नवऱ्याचा," रुफिन म्हणाला. "त्या हिवाळ्यात बाई अर्धांगानं इस्पितळात, मुलगा जर्मनीत. तीनदा हाक मारली, कुणी ओ देईना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिल्ला फिरला म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मेला. दुसऱ्या क्लबांकडे चषक आहेत, कपाटं आहेत. आपल्याकडे काय आहे? ही सात नावं."

"चार," झिगा म्हणाला.

"ट्रूडाताई आहेत तोवर त्यांच्या भावाला, इवाल्डला, धक्का नाही. काय ताई? त्या मुखदुर्बळाची तारांबळ उडाली तर तुमची ओ अशी येऊ द्या, की पाहुण्या संघाची पाचावर धारण बसली पाहिजे!"

ट्रूडानं मान हलवली. होकार की नकार, ते रुफिननं आपल्याला हवं तसं धरलं. तिनं मनाशी ठरवलं होतं, या रविवारी ओ द्यायची नाही.

कारण इवाल्ड घरी येई.

हजेरी झाली की त्या संध्याकाळपासून येई, थेट बर्फ वितळेपर्यंत. चारच्या सुमाराला अंधारून आलं की जिन्यावर लाकडी तळाचे जोडे वाजत. मग मोरीतल्या घमेल्यात पाण्याचा आवाज. ट्रूडा दिवा लावून आत जाई तेव्हा तिथे कुणी नसे, पाणी मात्र काळं झालेलं असे. पहिली काही वर्षं तिला भीती वाटलीच नाही. उलट वाटलं, बरं झालं, भाऊ निदान घरी तरी येतो. बाविशीतला भाऊ, डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळणारा. पण पुढे पुढे दाराआडून आवाज येऊ लागला. तोच आवाज, कोवळा, आणि दमलेला.

"ट्रूडे, पाळी कधी सुटायची गं?"

दरवर्षी हेच विचारी, आणि दरवर्षी जास्त दमलेला असे. ती म्हातारी झाली, तो बाविशीतच थकत गेला. आणि ती काय करी? डिसेंबर आला की मैदानात उभी राहून, छाती भरून, "हजर!" म्हणे. लोक टाळ्या वाजवत.

आपल्याच ओमुळे त्याची पाळी सुटत नाही, हे तिला कळलं हियात्सिंतामुळे. हियात्सिंता ट्रूडाच्याच चाळीत तळमजल्यावर राही. इस्पितळातून परतल्यावर वाकड्या झालेल्या तोंडानं ती ट्रूडाच्या कानाशी लागून म्हणाली होती, "माझा पाउलेक येत नाही आता. बिल्ला फिरला त्या दिवसापासून नाही. झोपला गं तो." आणि ती हसली होती. इतक्या वर्षांत ट्रूडानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी फाबियान ट्रूडाच्या घरी आला. हजेरीआधी कप्तानानं ओ देणाऱ्या प्रत्येक घरी जायचं आणि धुतलेला कोळशाचा एक खडा द्यायचा, ही रीत. त्यानं तो रुमालात बांधून आणला होता. खड्यानं हात काळे होऊ नयेत म्हणून बिचाऱ्यानं तो साबणानं घासलेला दिसत होता.

"देव बरं करो, आजी," तो दारातूनच म्हणाला.

"देव बरं करो. बस. खसखशीची पोळी खा. लाजू नकोस, ती पोटात गेल्यावर काही बोलायला लावत नाही."

तो हसला. मग मान खाली घालून म्हणाला, "आजी, मला झोप लागत नाही. लोक म्हणतात मी घाण करणार. माझ्या गावच्या क्लबचं कुणाला काही आठवत नाही, म्हणून वाटतं, इथलं तरी माझ्या हातून बिघडू नये. नाव बरोबर म्हणतो का बघा. इवाल्ड शिमिक."

मोरीकडे कसलासा आवाज झाला. हजेरी व्हायची होती, तो एवढ्यात यायला नको होता. ट्रूडानं पोळी कापायची सुरी खाली ठेवली आणि मोरीचं दार लोटून घेतलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "इतक्या मोठ्यानं घरात म्हणायची गरज नाही. आता नीट ऐक. माझ्याकडून ओ आली नाही, तर थांबायचं नाही. माझ्याकडे बघायचं नाही. तीनदा हाक मार, बिल्ला फिरव, पुढे जा. वचन दे."

"का हो आजी? बरं नाही का?"

सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पोरगं भलं होतं, त्याला कळलंही असतं. पण शब्द कुठून आणायचे? साठ वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय सांगायचं? म्हातारीला चळ लागला, एवढंच ते म्हणाले असते. सगळ्या गावात जिचा आवाज मोठा, तिची वाचा त्या दुपारी बसली.

"गळा धरलाय," ती म्हणाली. "वचन दे."

त्यानं दिलं.

रविवारी धुकं इतकं होतं की समोरचा गोल दिसत नव्हता. तुरेवाल्या टोप्यांचा बँड वाजून थांबला. ट्रूडा आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, शेजारी चाकाच्या खुर्चीत हियात्सिंता. मागच्या रांगेत रुफिन आणि झिगा. सातही बिल्ल्यांची फळी मैदानाच्या मधोमध आणून ठेवली होती, आणि तिच्याजवळ फाबियान, माइक दोन्ही हातांनी धरून.

पहिलं नाव त्यानं अडखळत घेतलं. ओ आली. दुसऱ्याला एका नातवानं दिली, तिसऱ्याला एका पुतणीनं.

"इवाल्ड शिमिक!"

ट्रूडानं ओठ आवळले. छातीतून ओ आपोआप वर येत होती, इतक्या वर्षांची सवय. तिनं हातमोजा तोंडात धरला.

"इवाल्ड शिमिक!"

स्टँडमध्ये कुजबुज झाली. "ताई!" रुफिन मागून म्हणाला. "ओ ताई! काय झालं?" तिनं वळून पाहिलं नाही. आता एकच हाक. एक हाक, आणि भाऊ झोपेल. देवा, एवढं एक कर.

फाबियाननं माइक खाली घेतला. त्यानं ट्रूडाकडे पाहिलं. बघू नकोस म्हटलं होतं तिनं, पण पाहिलं. त्याला दिसलं ते एवढंच, एक म्हातारी, तोंडावर हात दाबलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि आवाज फुटत नाही. कुणालाही जे वाटलं असतं तेच त्याला वाटलं.

"मी... मला बोलता येत नाही," तो म्हणाला. हसणारे हसले. "तुम्हाला माहीत आहे. पण आजींचा गळा बसलाय. एका म्हातारीचा गळा बसला म्हणून तिच्या भावानं पाळीतून जायचं? त्याला भिंतीआड टाकलं, आता आपणही पाठ फिरवायची? मी इथला नाही. पण हा शर्ट घातला तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, की यातली माणसं मोजून-मापून ठेवायची. ओ देणारं घर नसलं तर नसलं. आपण इतके जण कशाला उभे आहोत?"

हसणाऱ्यांनी टोप्या काढल्या. रुफिनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. चोसेकच्या तोंडूनही असं कधी निघालं नव्हतं. फाबियान सरळ उभा राहिला, आणि त्याचा आवाज धुकं कापत आला.

"इवाल्ड शिमिक!"

"नको," ट्रूडा म्हणाली. जोर लावून म्हणाली, पण तोवर सगळं मैदान एका आवाजात ओरडलं होतं.

"हजर!"

पायांखालच्या फळ्या थरथरल्या. फाबियान बिल्ल्यांच्या फळीकडे वळला. फिरवलेले तीन बिल्ले त्यानं एकेक करून पुन्हा सरळ केले आणि तीनही नावं घेतली. नाव घेतलं की हजारो गळे ओरडत, हजर, हजर. पाउलेकचं नाव आलं तेव्हा हियात्सिंताच्या वाकड्या तोंडातून एक आवाज निघाला आणि तिच्या चांगल्या हातानं ट्रूडाचं मनगट असं धरलं की नखं रुतली. शेजारच्या बाईला वाटलं, बिचारीला आनंद झाला.

"आता दरवर्षी सगळं मैदान ओ देणार!" रुफिन झिगाला मिठी मारून ओरडत होता. "आता बिल्ला फिरायचा नाही! कोण मेलं, कोण गेलं, काही फरक नाही! कधीच फिरायचा नाही!" आणि झिगानं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाक्य खोडलं नाही.

सामना कुणी जिंकला ते ट्रूडाला कळलं नाही. फाटकाशी फाबियान धावत आला, तिचे हात हातात घेऊन म्हणाला, "आजी, वचन मोडलं. रागावू नका." त्याचं तोंड उजळलं होतं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. त्याला काय बोलणार? बोलायचं ते शुक्रवारी बोलायचं होतं.

हियात्सिंताची खुर्ची तिनं तळमजल्यावर नेऊन दिली. वर येऊन तिनं शेगडी पेटवली आणि मोठं पातेलं ठेवलं, आई पाळी सुटायच्या वेळेला ठेवायची तसं.

चारच्या सुमाराला अंधारून आलं. जिन्यावर लाकडी तळाचे जोडे वाजले. या वेळी दोघांचे होते. एक तळमजल्यावर थांबला, आणि हियात्सिंताचं दार उघडल्याचा आवाज आला. दुसरा वर चढत राहिला, पायरीपायरीवर टेकत.

मोरीच्या दाराआड तो उभा राहिला. श्वास लागला होता.

"ट्रूडे," तो म्हणाला, "पाळी कधी सुटायची गं?"

इतकी वर्षं तिला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. आज होतं. ते तिनं गिळलं, पातेलं उचललं आणि घमेल्यात ओतलं.

"पाणी गरम आहे," ती म्हणाली. "हात धू."