माणकेवाडीच्या दहा सायकली

निपाणीचे कुंथुनाथ चौगुले मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण लिहायची खोड काही सुटली नव्हती. बेळगावच्या कॅम्पात फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेची शाखा, घटप्रभा लॉज, भरायची, तिचे ते सेक्रेटरी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसनं बेळगाव गाठायचं, पांढरा ॲप्रन बांधायचा, काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फरशीवर आपल्या जागी बसायचं. "त्या बंद दाराआड करता तरी काय हो?" असं गल्लीतलं कुणी विचारलं की ते सांगत, "भांडत न्हाय, एवढंच करतो."

आणि ते खरंच होतं. बाहेर पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून दगडफेक चाललेली असो, आत धर्म आणि राजकारण काढायचं नाही असा लॉजचा नियम होता. कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारे एकमेकांना ब्रदर म्हणत आणि एका पंगतीला जेवत. सीमाभागात जन्म गेलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दर तीन महिन्यांनी कुंथुनाथ 'बंधुवार्ता' नावाचं चार पानांचं पत्रक काढत. दोन पानं मराठी, दोन कन्नड. कोल्हापूरच्या लॉजमध्ये पदग्रहण झालं, हुबळीच्या ब्रदरनी रक्तदान शिबिर घेतलं, पुढच्या महिन्यात गोव्यात विभागीय मेळावा आहे, जेवणाचं आधी कळवावं. असल्या बातम्या. पण त्या अडतीस लॉजमध्ये जात, आणि कुंथुनाथ ओळन् ओळ तपासत. एकदा एका ब्रदरच्या मृत्यूची तारीख एका दिवसानं चुकली, तर चिकोडीला त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले होते.

जुलैच्या अंकात पहिल्या पानावर मोठी बातमी होती: खानापूर तालुक्यातल्या माणकेवाडीत लॉजतर्फे दहा अपंगांना तीनचाकी सायकली. कार्यक्रमाला कुंथुनाथना जाता आलं नव्हतं; त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. फोटो आणि माहिती फोनवर धाडली होती जिनेंद्र उपाध्ये यांनी. निपाणीत त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, आणि नोव्हेंबरात लॉजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, म्हणून त्यांचंच नाव ठरलेलं. फोटोत पन्नाशीची एक बाई नव्याकोऱ्या सायकलवर हार घालून हसत बसली होती. खाली नाव, नागुबाई.

सप्टेंबरात गोव्याचा मेळावा जवळ आला. कुंथुनाथना वाटलं, नुसतं वाटप झालं म्हणून काय छापायचं, त्या सायकलींनी माणसांचं काय झालं ते लिहावं. एका सकाळी ते निघाले. खानापूरला बस बदलली, नंदगडला उतरले, तिथून रिक्षानं माणकेवाडी.

नागुबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. हाक मारल्यावर ती दारातून बाहेर आली ती हातांवर. दोन्ही हातांत रबरी चपला घातलेल्या, पाय मागं ओढत, तुळशीला वळसा घालून पुढ्यात येऊन थांबली.

कुंथुनाथ क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "सायकल दुरुस्तीला दिलीया काय?"

बाईनं त्यांच्याकडं वर बघितलं. "तुमी त्या फोटूवाल्यांतलं काय?"

तेवढ्यात तिची भावजय नीलम पदराला हात पुसत आली. लॉजचं नाव ऐकलं आणि तिनं आत जाऊन चहा ठेवायचा बेत सोडून दिला. उभ्या उभ्याच म्हणाली, "तीनच सायकली आणलत्या सर, टेंपोतनं. दहा माणसं बशिवली त्यावर. एक उतरलं की दुसरं. हार पण त्योच, ह्येच्या गळ्यातनं काढून त्येच्या गळ्यात. जेवाण मात्र चांगलं घातलं. सांजंला म्हणालं, नंबर घालून आणून देतो. टेंपोत चढवलं आन् गेलं. आज तीन महिनं झालं."

"तीन?" कुंथुनाथ म्हणाले. "दहा छापल्यात."

"तुमीच छापलासा व्हय?" हे विचारलं नागुबाईचा भाऊ रवळू यानं. तो गोठ्यातून आला होता. त्यानं घरात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद आणला आणि त्यांच्या हातात दिला. ती 'बंधुवार्ता'च होती, झेरॉक्स काढलेली.

"ह्या कागदानं घात केला बघा. सरकारी सायकलीच्या यादीत हिचं नाव लागलंतं. दीड वर्सं हेलपाटं घातलं मी. कचेरीत गेलो तर बाई म्हणाल्या, नाव काढलंय, तुमाला संस्थेची मिळाली. म्हटलं, मिळाली न्हाय वो. त्यांनी ह्यो कागद फायलीतनं काढला. म्हणाल्या, हे बघा छापून आलंय, फोटोत हसाय लागल्यात की."

"हसा म्हटलं म्हणून हसलो मी," नागुबाई म्हणाली. "मला काय ठावं."

पत्रकाच्या प्रती जिनेंद्रनी मोठ्या हौसेनं सगळ्या सरकारी कचेऱ्यांना धाडल्या होत्या. ते कुंथुनाथना माहीत होतं. पाकिटांवर पत्ते त्यांनीच लिहिले होते. त्यांनी कागद वाचायला डोळ्यांजवळ धरला. 'आता नागुबाई कुणाच्याही आधाराशिवाय काजूच्या कारखान्यात कामाला जातील.' ही ओळ त्यांना नीट आठवत होती. कन्नडात ती तितकीच चांगली उतरावी म्हणून त्यांनी अर्धा तास घालवला होता.

"कारखाना किती लांब आहे?"

"दीड मैल," नीलम म्हणाली. "आदी ह्ये गाडीवरनं सोडायचं. आता ह्येंला सकाळचं दुसरीकडं काम लागलंय. वन्सं घरीच बसून आसत्यात."

परतीच्या बसमध्ये कुंथुनाथ खिडकीशी बसले होते, पण बाहेरचं त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांचे कान तापले होते. छत्तीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं, बघितल्याशिवाय लिहू नका. आणि आपण न बघता लिहिलं, वर त्याखाली सही ठोकली. जिनेंद्रनी फसवलं ते फसवलंच, पण त्या फसवणुकीला अक्षर आपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला ते जिनेंद्रच्या दारात हजर.

"या अण्णा, बसा," जिनेंद्र म्हणाले. "गोव्याची यादी झाली का?"

"माणकेवाडीला गेलतो मी काल."

जिनेंद्रचा हात फोनवरून हळूच बाजूला झाला. "अण्णा, त्याचं असं झालं, ऑर्डर दिलेली आहे. कंपनीकडून उशीर होतोय. ह्या तीन नमुन्याच्या होत्या, त्या परत द्याव्या लागल्या. लॉजच्या विभागाचे साहेब त्याच दिवशी येणार होते, मग कार्यक्रम पुढं कसा ढकलायचा? शेवटी देणारच आहोत की आपण."

"ऑर्डरीचा कागद दाखवा."

"अण्णा, माझ्यावर विश्वास न्हाय?"

"काल सकाळपर्यंत होता," कुंथुनाथ म्हणाले. "ती बाई हातांत चपला घालून रांगती, जिनेंद्र. तुम्ही तिला उचलून सायकलवर बसवलंत, फोटो काढला, आन् उचलून खाली ठेवलंत. हे करताना हात कसं चाललं तुमचं?"

जिनेंद्र उठून उभे राहिले. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "नोव्हेंबरात माझं मास्टरपदाचं इन्स्टॉलेशन हाय. लॉजचं नाव जाईल असं काही करू नका. तुम्ही मोठं आहात, समजून घ्या."

कुंथुनाथ पायऱ्या उतरले.

दुसऱ्या शनिवारी लॉज भरली. रीतीप्रमाणे पहाऱ्याचे ब्रदर परशराम तलवार घेऊन दाराबाहेर उभे राहिले आणि दार बंद झालं. त्या वर्षीचे मास्टर यल्लाप्पा हुद्दार, बँकेतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. सेक्रेटरीची पाळी आली तसे कुंथुनाथ उठले. विभागातली पत्रं वाचली, कोल्हापूरचं निमंत्रण वाचलं. मग म्हणाले, "एक बातमी दुरुस्त करायची आहे," आणि माणकेवाडीत जे बघितलं, ऐकलं, ते सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं आणि मग कन्नडात सांगितलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर हे छापावं, असं त्यांनी शेवटी मांडलं.

मग एकदम चार जण बोलायला लागले. यल्लाप्पांनी हातोडा आपटला. "ब्याडरी, चौगुले सर," ते काकुळतीनं म्हणाले. "नको. सायकली देऊन टाकू. पण छापायचं कशाला? आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा आपला नियम आहे."

"आपण झाकतो ती ब्रदर ओळखायची, हात मिळवायची खूण," कुंथुनाथ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची त्यांना इच्छा नव्हती. "माणकेवाडीच्या अंगणात झालं ते आतलं कसं? सगळ्या गावानं बघितलंय. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्याला. या टेबलावर आपापल्या धर्माचे ग्रंथ आहेत. त्यांवर हात ठेवून आपण तीन गोष्टी बोललो होतो. बंधुभाव, मदत आणि सत्य. मदत तर केलीच नाही. निदान सत्य तरी बोलू."

मत घेतलं. छापावं म्हणणारे नऊ, नको म्हणणारे चौदा. जिनेंद्रनी हात वर केला नाही. ते छताकडं बघत बसले होते.

कुंथुनाथनी गळ्यातलं सेक्रेटरीचं पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "लॉजच्या पत्रकात छापायचं नाही हे तुम्ही ठरवलंत, मी मानतो. पण त्या खोट्या बातमीखाली नाव माझं होतं. ती मी माझ्या नावानं मागं घेणार."

त्या आठवड्यात त्यांनी अडतीस लॉजना आणि जिथं जिथं पत्रक गेलं होतं त्या प्रत्येक कचेरीला स्वतः पत्र लिहिलं. काय घडलं ते पहिल्या परिच्छेदात, आपली चूक दुसऱ्यात. तिसरा परिच्छेद 'आगामी कार्यक्रम' या मथळ्याखाली होता: 'माणकेवाडीच्या दहाही जणांना सायकली मिळेपर्यंत मी दर सोमवारी सकाळी दहा वाजता निपाणीत श्री. जिनेंद्र उपाध्ये यांच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. जेवणाची सोय नाही.'

पत्नी राजमतींनी ते वाचलं. "ह्या वयात रस्त्यावर बसणार?"

"ती बाई रोज बसती जमिनीवर. मला खुर्ची तरी हाय."

पहिल्या सोमवारी ते एकटेच होते. येणारेजाणारे जुने विद्यार्थी पाया पडत, काय झालं विचारत, आणि कुंथुनाथ प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. दुसऱ्या सोमवारी राजमती डबा घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत. त्याच दिवशी छापावं म्हणणाऱ्या नऊ जणांपैकी दोघं चिकोडीहून आले. तिसऱ्या सोमवारी रवळू आपल्या बहिणीला घेऊन आला. नागुबाई हातांतल्या चपलांवर दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथंच बसली. आत जायला माणसांना तिला ओलांडून जावं लागत होतं, आणि ओलांडायला कुणी तयार होईना. जिनेंद्र मागच्या दारानं निघून गेले.

कोल्हापूरच्या लॉजमधून यल्लाप्पांना फोन आला. मग हुबळीहून. मग विभागाचंच पत्र आलं: खुलासा करावा. चौथ्या सोमवारच्या आदल्या दिवशी माणकेवाडीत ट्रक लागला. दहा सायकली, नव्या, प्लास्टिक न काढलेल्या.

कुंथुनाथ तिथं होते. एकेक सायकल त्यांनी मोजून, चाक फिरवून बघितली. नागुबाईला नीलमनं वर बसवलं. तिनं दांडा धरला, पुढं ढकलला, मागं ओढला, गाडी जरा वाकडी गेली आणि मग सरळ झाली. जिनेंद्र फोटोग्राफरला घेऊन पुढं आले. हातात हार होता.

नागुबाईनं हातानंच थांबवलं. "फोटू काढलासा की मागच्या टायमाला. त्योच लावा." आणि त्यांना वळसा घालून ती रस्त्याला लागली. कारखान्याच्या बाजूला.

नोव्हेंबरात इन्स्टॉलेशन ठरल्याप्रमाणे झालं. जिनेंद्र मास्टर झाले. 'बंधुवार्ता' आता दुसरे ब्रदर काढतात. त्यात आलं, माणकेवाडीत सायकलवाटपाचा दुसरा टप्पा उत्साहात पार पडला. कुंथुनाथनी ते वाचून पत्रक टेबलावर आपटलं, इतकं की राजमती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आता जाऊ नका तिथं," त्या म्हणाल्या.

"का? मी जाणार," ते म्हणाले. "लॉज काय जिनेंद्रच्या दुकानात भरत न्हाय."

ते जातात. दुसऱ्या शनिवारी, मागच्या रांगेत बसतात. सभा संपायच्या आधी मास्टर रीतीप्रमाणे विचारतात, कुणा ब्रदरला काही सांगायचं आहे का. कुंथुनाथ उभे राहतात. "माणकेवाडीला जाऊन त्या दहा जणांची माफी मागायची राहिली आहे," ते म्हणतात. "मी माझी मागून आलो. लॉजची कधी?"

जिनेंद्र हातोडा आपटतात आणि सभा संपली असं जाहीर करतात. मार्चच्या सभेत कुंथुनाथ उभे राहिले तेव्हा त्यांच्या शेजारचे यल्लाप्पाही उभे राहिले. जिनेंद्रनी हातोडा आपटला. तरी दोघंही खाली बसले नाहीत.