प्रश्नोत्तरांचा वृत्तान्त

"हे वाक्य काढून टाका," विभागप्रमुख म्हणाले आणि मी टाइप केलेला कागद माझ्याच टेबलावर आपटला.

शिपाई त्यांना आपसांत भोंगा म्हणतात. मीही म्हणते, मनातल्या मनात. राजकीय विचारांच्या इतिहासावर दरवर्षी आमच्याकडे तीन दिवसांचा परिसंवाद भरतो आणि सव्वीस वर्षं मी तो लघुलिपीत उतरवून घेते. व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मात्र यंत्र बंद करायचं अशी इथली रीत, म्हणजे विद्वानांना मोकळेपणानं भांडता येतं. तेवढा भाग फक्त माझ्या वहीत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सभागृहात वाचून मंजूर करून घ्यायचा आणि खाली मी सही करायची. आजवर एक शब्द बदलावा लागला नव्हता. नणंद म्हणते, वहिनीशी भांडायची सोय नाही, मागचं सगळं तारीखवार काढते.

आदल्या दिवशी भोंग्याचं व्याख्यान होतं, लोक सत्तेचं का ऐकतात यावर. जुन्या ग्रंथकारांनी याची कारणं राजाच्या बाजूनं लिहिली, खरी कारणं प्रजेच्या तक्रारअर्जांत सापडतात, असा मुद्दा. एका पाहुण्या प्राध्यापकांनी त्यावर असे काही प्रश्न विचारले की भोंगा पार बंद पडला. मग गड्यानं सरळ हात झटकले. हा मुद्दा मुळात माझा नाही, माझ्या विद्यार्थिनीचा आहे, चुकला असेल तर तिला विचारा, म्हणाला. ती मागच्या रांगेत बसली होती. चार वर्षं तिनं ते अर्ज वाचण्यात घालवली हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या नकला माझ्याच खोलीत टाइप झाल्या.

पण पाहुणे खूश झाले. इतकं नवं मी दहा वर्षांत ऐकलं नाही, माझ्या पुस्तकात हे घेतो, वृत्तान्त पाठवा म्हणजे नाव बरोबर देता येईल, असं सांगून ते संध्याकाळी गेले. आता नाव कोणाचं छापून येणार ते माझ्या एका वाक्यावर ठरणार होतं, आणि भोंग्याला झाडून टाकलेला मुद्दा परत हवा होता.

"सर, तुम्ही बोललात ते," मी म्हटलं.

"मी तसं बोललोच नाही. तुमची लिहिण्यात चूक झालीय."

"मग सभागृहालाच विचारा ना."

"विचारतो. पण पुढच्या वर्षी आम्ही दुसरी बाई बघू, एवढं लक्षात ठेवा."

तरी वाक्य मी तसंच ठेवलं आणि दहा वाजता तसंच वाचलं. भोंगा उठला, गोड हसला. बाईंचं आता वय झालं, म्हणाला, काल मी असं काही बोललो का, कोणी ऐकलं असेल तर सांगावं.

सगळ्यांनी ऐकलं होतं. पण कोणाचा लेख त्याच्याकडे पडून होता, कोणाला बढतीसाठी त्याची शिफारस हवी होती. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना अचानक चष्मा पुसायची आठवण झाली. काल दुपारी हीच मंडळी लोक निमूट का ऐकतात यावर तावातावानं बोलत होती. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. विद्यार्थिनी पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तिचा प्रबंध भोंग्याच्या सहीसाठी थांबला होता. सगळं समजत होतं, तरी मला तिचा राग आला. अजूनही येतो. तुझं होतं गं ते, निदान मान तरी वर करायचीस.

वाक्य वगळून वृत्तान्त मंजूर झाला. भोंग्यानं तो सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच परत सरकवला आणि वही ओढून घेतली. लोक चहाला उठेपर्यंत त्या सकाळचा वृत्तान्त लिहीत माझा हात चालू होता. विभागप्रमुख म्हणाले, बाईंचं आता वय झालं, काल मी असं काही बोललो का. उपस्थित एक्याण्णव. कोणीही हरकत घेतली नाही. खाली वेळ घातली, सही केली आणि हजेरीचा कागद पाहून सगळी नावं एकाखाली एक उतरवली.

सर्वांत शेवटी विद्यार्थिनीचं नाव होतं. क्षणभर थांबले, मग तेही लिहिलं.