न जन्मलेल्या घोडीचं रेटिंग

शुक्रवारी नमाजनंतर शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट मिळेना. सगळे निघाले होते पाचव्या मजल्यावर, सुजीतसरांकडे. २००९ साल. कंपन्या माणसं काढत होत्या, आणि काढलेली माणसं सरांच्या दाराशी चपलांचा ढीग करून आत दाटीवाटीने बसली होती. समोर लॅपटॉप, त्याला बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेला झेंडूचा हार!

"खैरुद्दीनभाई, जुगार तर हराम. हे कॅल्क्युलेशन आहे!" सुजीत सांगत होता. "प्रत्येक घोड्याला माझं पर्सनल रेटिंग, वीस वर्षांचा अभ्यास. बाजार चांगल्या घोड्याला कमी लेखतोय असं दिसलं, की मशीन ऑटोमॅटिक पैसे लावतं. तुम्ही झोपा हबीबी, मशीन जागं आहे."

मग चमत्कार. देवाला नारळ न्यावा तशी लोक जुन्या शर्यतींची कात्रणं न्यायचे. वर घोड्यांची नावं, खाली निकाल. सुजीत सगळं टाइप करी, निकालसुद्धा. "शेवटी ताळा नको का पडायला?" बटण दाबलं की मशीन विजेत्याचं नाव सांगे. दर वेळी बरोबर. टाळ्यांचा कडकडाट.

मी जुलेखा, शाळेत गणित शिकवते. त्या दुपारी शेजारची प्रमिला माझ्या दारात रडत आली होती. तिचे यजमान, सूर्यकांतभाऊ, रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनियर होते. नोकरी गेली, व्हिसा संपत आला.

"फायनल सेटलमेंटचे तीस हजार दिरहॅम, म्हणजे आपले जवळजवळ चार लाख," ती म्हणाली. "हे आज सगळे त्या मशीनला देणार आहेत. तिकिटं त्यातच, परत गेल्यावरचं जेवणही त्यातच."

माझं डोकं फिरलं. उत्तर आधी सांगून मग प्रश्न विचारला, तर आमच्या सहावीतला ढ मुलगाही पैकीच्या पैकी मिळवेल! पण हे ओरडून सांगून काय उपयोग? बुडत्याला काडीचा आधार असतो. मी कॉम्प्युटरवर बसून एक कात्रण छापलं, आणि प्रमिलाला घेऊन वर गेले.

सूर्यकांतभाऊ पहिल्याच रांगेत, मांडीवर पाकीट.

"सर, माझीही एक शर्यत घ्या," मी म्हणाले.

सुजीतने आठ नावं आणि निकाल टाइप केला. बटण दाबलं. विजेती गुलबहार, रेटिंग अठ्ठ्याण्णव.

"क्या बात है!" तो म्हणाला. "या गुलबहारला मी दोन सीझन डोळ्यांत तेल घालून पाहिलंय. शेवटच्या वळणावर काय पळते!"

"कुठे पाहिलीत?"

"इथेच, दुबईत."

"गुलबहार माझी आत्या आहे. रत्नागिरीला असते, सत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. बाकीच्या सात माझ्या मावश्या आणि चुलत्या. ही शर्यत झालेलीच नाही."

कुणी हसलं, कुणाला हसू येईना.

"तुम्ही निकाल टाइप करता, मशीन तोच वाचून त्यावरून रेटिंग ठरवतं," मी म्हणाले. "आता उद्याच्या शर्यतीचं सांगा."

"सर्व्हर डाऊन आहे, मॅडम."

"मग मागच्या महिन्यात आमच्या खोलीतल्या अन्वरला नफा कुठून दिलास?" खैरुद्दीनभाईंनी विचारलं.

"तुमच्या पैशांतून," मी सांगितलं. "नव्यांचे घ्यायचे, जुन्यांना द्यायचे. आणि इथे बेटिंग गुन्हा, तेव्हा पोलिसांत जाणार कोण? हे त्याला पक्कं माहीत होतं."

खैरुद्दीनभाई दाराला पाठ लावून उभे राहिले. "यल्ला, चल, आमचे पैसे काढ."

आणि त्या गोंधळात सूर्यकांतभाऊंनी पाकीट पुढे केलं. "सर, काहीतरी टेक्निकल चूक असेल. दुरुस्त करा. पण माझे घ्या."

प्रमिलाने त्यांचं मनगट धरलं. "अहो, ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं गं. पण मग मी आता करू काय?" आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. मला फार वाईट वाटलं. पाकीट वाचवणं माझ्या हातात होतं, नोकरी देणं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सूर्यकांतभाऊ आणि प्रमिला मुंबईला निघाले. घोड्यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, त्याला माझी ना नाही. पण अंदाज शर्यतीआधी सांगायचा असतो. निकाल लागल्यावर तर सगळेच ज्ञानी. गरजू माणूस मूर्ख नसतो, त्याला फक्त थांबणं परवडत नाही, आणि भोंदू त्यावरच जगतात.

टॅक्सीत बसताना सूर्यकांतभाऊंनी हळूच विचारलं, "जुलेखाबाई, कुठेतरी एखाद्याचं मशीन खरं असेल ना?"

"भेटला तर त्याच्याकडून उद्याचा विजेता आजच लिहून घ्या, भाऊ," मी म्हणाले. "आणि पाकीट उद्यापर्यंत प्रमिलाजवळ ठेवा."