चारू आली की

चारुशीलेने पेटीचा भाता हलवला, काळी चार दाबली आणि हातातल्या चिठ्ठीवरचा शब्द म्हणून पाहिला.

"ङा."

जमला नाही. घसा साफ करून तिने पुन्हा म्हटला, तेव्हा आवाज पट्टीला जाऊन टेकला. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिले होते, मासा. खाली लाल शाईत, काळी चार. दुसऱ्या चिठ्ठीवर तोच शब्द होता, पण पांढरी दोनवर उतरला की त्याचा अर्थ 'मी' होई. तिने दोन्ही चिठ्ठ्या पट्टी लिहिलेल्यांच्या डाव्या डब्यात टाकल्या.

भाऊंना, तिच्या वडिलांना, जाऊन तेवीस दिवस झाले होते. पुण्याच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांचे पत्र चौदाव्या दिवशी आले. स्वर नोंदलेले शब्द पाठवावेत, ज्यांवर स्वर नाही ते आमच्या उपयोगाचे नाहीत, असे त्यात होते.

दुसऱ्या महायुद्धात भाऊ मणिपूरपलीकडच्या डोंगरात फौजेचे कारकून होते. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालाकडून त्यांनी त्याच्या बोलीतले दीड हजार शब्द वहीत उतरवून आणले. डावा कान तोफगोळ्याने गेला, तोही तिथेच. पुढे ते नळदुर्गच्या शाळेत लागले. निजाम गेला, पाट्या उर्दूतून मराठीत आल्या, भाषेवरून राज्ये फाडली आणि जोडली गेली. भाऊ ओसरीवर वहीतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या लिहीत राहिले.

"आपल्याकडं हा ङ वर्णमालेत नुसता बसून असतो," ते म्हणत. "तिकडं राबतो बिचारा."

आणि कधी गंभीरपणे, "ब्रह्मदेशात मासा म्हणजे ङा, तिबेटात ञा. लोक डोंगर उतरत हजार कोस पांगले, पण वाटेत हा शब्द कुणी टाकला नाही."

शब्द वहीत होते, पण त्यांचे चढउतार भाऊंच्या डोक्यात. ते म्हाताऱ्याच्या आवाजात शब्द म्हणत आणि आठ वर्षांची चारू पेटीवर त्याची पट्टी शोधी. एका कानाचा भरवसा नाही, म्हणून ती म्हणेल तीच पट्टी लाल शाईने लिहायची. असे पंधरा वर्षे चालले. मग सोलापुरात तिने स्वतःच्या मनाने, दुसऱ्या जातीत लग्न केले आणि एका कार्डाने कळवले. उत्तर आले, "पोचले. प्रकृतीस जपणे." तेवढेच.

तिने पुढचा गठ्ठा सोडला. सुतळीखालच्या चिठ्ठीवर तारीख होती लग्नानंतरच्या महिन्याची. निळी शाई होती. लाल नव्हती. पुढचीवरही नाही. तिने गठ्ठा भराभर चाळला. चारशेएक शब्द, सगळे मुके. माझ्यावरचा राग यांच्यावर काढला, असे वाटून तिने गठ्ठा उजवीकडे सरकवला. मग एक चिठ्ठी उजेडाला तिरकी धरली. लाल शाईच्या जागी पेन्सिलीने, अगदी फिके, लिहिलेले होते.

चारू आली की.

दुसरीवर तेच. तिसरीवरही.

भाकरीची टोपली घेऊन शेजारची रुद्रम्मा आत आली. भाऊंचे दोन वेळचे तीच करीत असे.

"जेवून घे ग अव्वा. बापासारखी कागदं खाऊन जगशील व्हय?"

"रुद्रम्मा, भाऊ शेवटी पेटी वाजवायचे का?"

"कशाची पेटी? उजवा कान बी गेल्ता की. शाळेत कळलं तर घरी बसवतील म्हनून कुनाला सांगू देईनात. पोरांच्या तोंडाकडं बघून शिकवायचे."

चारुशीलेचा हात पट्टीवर पडला. पेटी हुंकारल्यासारखी वाजली आणि थांबली.

"दिवाळीत मी आले होते," ती म्हणाली. "दारातनं तीन हाका मारल्या. ते लिहीत होते. वळले नाहीत. तशीच परत एस.टी.त बसले."

रुद्रम्माने टोपली खाली ठेवली.

"हाक मारून काय उपेग? सकाळी भाकरी घिऊन म्या दारात हुभी ऱ्हायची. वहीवर सावली पडली की वळायचे. मग लई हसायचे, कोन आलं कोन आलं म्हनून. किती वाजता आल्तीस तू?"

"चारला."

टोपलीवरचे फडके रुद्रम्माने उगाच दोनदा नीट केले.

चारुशीलेने गठ्ठ्यातली शेवटची चिठ्ठी काढली. तारीख दिवाळीनंतर पाच आठवड्यांची. अक्षर थरथरलेले, अर्थ 'वाट'. त्याखालीही पेन्सिलीचा तोच मजकूर.

तिने तो शब्द मोठ्याने म्हटला. काळीवर बसेना, पांढरीवर बसेना. कोणत्याही पट्टीवर तो तिच्याच आवाजात होता, त्या म्हाताऱ्याच्या नव्हे. लाल दौत उघडी होती. कोणतीही पट्टी लिहिली असती तरी पुण्यात कोण पडताळणार होते? तिने दौतीला बूच लावले, चारशे चिठ्ठ्यांना पुन्हा सुतळी बांधली आणि त्या मुक्या शब्दांच्या उजव्या डब्यात ठेवल्या.

मग ती उठून ओसरीसमोरच्या बाहेरच्या दारात गेली. घर पूर्वाभिमुख. ऊन मागच्या बाजूला, किल्ल्याकडे उतरले होते. ओसरीवर भाऊंची वही होती तिथेच उघडी होती. चारुशीला उंबऱ्यावर, दिवाळीत उभी होती तिथे उभी राहिली. एक पाऊल पुढे सरकली. मग हात लांब करून पाहिला.

वहीचे पान तसेच राहिले, सगळीकडे सारखे, कुठेच सावली नाही.